‘प्लॅटिनम’मध्ये नेमके काय भरले आहे?

वाचकाचे पत्र: गेली तीन वर्षे मी कपडे वाळवणाऱ्या ड्रायरच्या व्हेंटची, म्हणजे गरम हवा घराबाहेर नेणाऱ्या नळीची, सफाई करण्याचा व्यवसाय करतो. एक व्हॅन, एक मदतनीस आणि मी, एवढाच पसारा आहे. पूर्वी सगळ्या घरांना एकच दर होता. पाच महिन्यांपूर्वी सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी तीन पॅकेजेस केली. सिल्व्हरमध्ये ड्रायरच्या बाजूने दहा फुटांपर्यंत सफाई, गोल्डमध्ये संपूर्ण नळीची सफाई, आणि प्लॅटिनममध्ये त्याशिवाय सुगंधी जंतुनाशकाची फवारणी, बाहेरच्या तोंडावर पक्षी शिरू नयेत म्हणून जाळी आणि वर्षभर ‘प्राधान्य’. गोल्डचा दर सिल्व्हरच्या दीडपट आणि प्लॅटिनमचा अडीचपट ठेवला. दहापैकी आठ ग्राहक सिल्व्हरच घेतात. प्लॅटिनम आतापर्यंत चौघांनी घेतले. ज्या घरांत व्हेंटचे तोंड छतावर असते तिथे जवळजवळ अर्धा दिवस जातो आणि हाती काही उरत नाही. त्यातच एका स्पर्धकाने माझ्या निम्म्या दराची जाहिरात सुरू केली आहे. प्रीमियम सेवा कशी बांधावी आणि तिचा दर कसा ठरवावा?

उत्तर: तुम्ही प्रश्न प्लॅटिनमविषयी विचारला आहे, पण मला आधी सिल्व्हरविषयी बोलावे लागेल, कारण तुमच्या दरपत्रकाचा पायाच तिथे खचलेला आहे. ज्या वाचकांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रायर गरम, दमट हवा साधारण चार इंच व्यासाच्या नळीतून घराबाहेर टाकतो आणि त्या हवेबरोबर लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारी तंतूंची लव, वाहत जाते. यंत्रातली गाळणी यातली बरीचशी अडवते, सगळी अडवत नाही. उरलेली लव ओलाव्यामुळे नळीच्या भिंतींना चिकटते, वळणांवर थर धरते आणि बाहेरच्या झडपेपाशी गोळा होते. आता तुम्ही ड्रायरच्या बाजूने दहा फूट ब्रश फिरवून थांबलात, तर सुटलेल्या लिंटपैकी काही व्हॅक्यूममध्ये येते आणि काही पुढच्या वळणावर जाऊन घट्ट बसते. ग्राहकाला पिशवीभर लिंट दिसते, तो समाधानाने पैसे देतो आणि त्याच्या भिंतीतली नळी काही ठिकाणी आधीपेक्षा अधिक चोंदलेली राहते. हे पॅकेज सर्वाधिक खपते आहे याचा अर्थ ग्राहक कंजूष आहेत असा मी घेणार नाही. त्यांना तिन्ही पॅकेजेसमधला फरक दिसतच नाही, आणि फरक दिसत नसला की माणूस स्वस्त ते उचलतो.

म्हणून पहिली गोष्ट अशी की सिल्व्हर बंद करा. अर्धी सफाई कोणत्याही नावाने विकू नये. तुमची सर्वात खालची सेवा ही ड्रायरच्या मागच्या भागापासून बाहेरच्या तोंडापर्यंत पूर्ण सफाई हीच असली पाहिजे, आणि तिच्यात ड्रायर ओढून पुन्हा नीट बसवणे, ड्रायर व भिंत जोडणारी नळी काढून पाहणे, बाहेरची झडप मोकळी उघडते का ते तपासणे आणि शेवटी यंत्र चालवून बाहेर हवा येते का हे ग्राहकाच्या देखत दाखवणे एवढे सगळे आले पाहिजे. जोडनळी प्लास्टिकची आढळली, नळीच्या सांध्यांत आतपर्यंत घुसलेले स्क्रू दिसले किंवा गॅसवरच्या ड्रायरची नळी भिंतीत सुटलेली निघाली, तर ते ग्राहकाला लेखी कळवणे हेही याच सेवेत मोडते आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नसतात. गॅसच्या यंत्रात तर कार्बन मोनॉक्साइड घरात परतण्याची शक्यता असते. अशी सूचना केवळ वरचे पॅकेज घेणाऱ्यालाच द्यायची, ही कल्पनासुद्धा मनात येऊ देऊ नका. सुरक्षितता ही प्रीमियम गोष्ट केली की उरलेल्या ग्राहकांना तुम्ही काय विकत आहात, याचे उत्तर तुम्हालाच देता येणार नाही.

मग प्रीमियममध्ये उरते काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पुष्कळ उरते; मात्र ते सुगंधी फवारणीत नाही. ज्या नळीतून रोज गरम हवा वेगाने बाहेर फेकली जाते तिथे फवारलेला सुगंध चार-दोन वेळा कपडे वाळवले की संपतो, आणि कोरडी केलेली भिंत पुन्हा ओली करून आपण लिंटला चिकटायला जागाच देतो. मी स्वतः पूर्वी घरगुती यंत्रांच्या देखभालीच्या धंद्यात होतो आणि अशी एक फवारणी मीही दोन वर्षे विकली. बाटली स्वस्त पडत असे, नफा मोठा दिसत असे, आणि दुसऱ्या वर्षी एकाही ग्राहकाने ती पुन्हा मागितली नाही. मागणार तरी कशासाठी? तिने काय केले हे त्यांना सांगता येत नव्हते आणि मलाही.

ग्राहकाला स्वतःला दिसत नाही ते दाखवणे आणि स्वतःला करता येत नाही ते दुरुस्त करणे, या दोन गोष्टींसाठी तो आनंदाने जास्त पैसे देतो. यातली पहिली म्हणजे मोजमाप. ॲनिमोमीटरने बाहेरच्या तोंडाशी हवेचा वेग सफाईपूर्वी आणि सफाईनंतर मोजा. दोन्ही वेळा ड्रम रिकामा, गाळणी स्वच्छ, यंत्राचा कार्यक्रम तोच आणि मोजण्याची जागाही तीच असली पाहिजे, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. तोंड छतावर असेल तर ड्रायरच्या मागे मॅनोमीटर लावून नळीतला मागचा दाब मोजता येतो आणि उत्पादकाच्या बसवणी-पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी तो ताडून पाहता येतो. त्याच्या जोडीला कॅमेऱ्याने घेतलेली आतली छायाचित्रे आणि नळी घरातून कशी जाते याचा हाताने काढलेला साधा आराखडा द्या. दोन पानांचा असा अहवाल ग्राहक जपून ठेवतो, आणि घर विकताना तोच कागद पुढच्या मालकाच्या हाती जाऊन तुमचे नाव पोहोचवतो.

मोजमापाचा खरा उपयोग मात्र पुढच्या टप्प्यावर आहे, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत ड्रायरच्या नळीची लांबी सर्वसाधारणपणे ३५ फुटांपर्यंत धरली आहे. उत्पादकाने त्याच्या यंत्रासाठी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीही चालते. पण ही लांबी नुसत्या फीतपट्टीने मोजायची नसते. आखूड त्रिज्येच्या प्रत्येक ९० अंशांच्या एल्बोसाठी, म्हणजे नळी वळवणाऱ्या तुकड्यासाठी, ५ फूट आणि ४५ अंशांच्या एल्बोसाठी अडीच फूट हिशेबात धरावे लागतात. समजा एका घरात नळी २२ फुटांची आहे आणि वाटेत ९० अंशांचे तीन एल्बो आहेत. २२ अधिक १५ म्हणजे ३७. दिसायला बेताची वाटणारी नळी मर्यादेबाहेर गेलेली आहे. अशा घरात तुम्ही कितीही प्रामाणिकपणे सफाई केलीत तरी कपडे वाळायला लागणारा वेळ अपेक्षेइतका कमी होणार नाही, आणि ग्राहक म्हणेल की तुम्ही काम नीट केले नाही. अहवालात हा हिशेब मांडला असेल तर तोच ग्राहक विचारेल, की मग यावर उपाय काय. उपाय असतो. मोठ्या त्रिज्येचे, गुळगुळीत वळणाचे एल्बो बसवले तर प्रत्येकाची गणना ५ फुटांऐवजी दोन फुटांच्याही आत येते. वरच्या उदाहरणात हाताला येण्याजोगे दोनच एल्बो बदलले तरी नळी मर्यादेत बसते. ही झाली प्रीमियम सेवा. तिच्यात तुमचे ज्ञान आहे, सामान आहे, श्रम आहेत, आणि तिचा परिणाम दुसऱ्या मोजणीत आकड्याने दिसतो.

जोडनळीचेही असेच आहे. ड्रायरमागे चेपलेली पातळ फॉइलची नळी काढून तिथे आटोपशीर लांबीची, आतून शक्य तितकी गुळगुळीत अशी धातूची नळी बसवणे हे वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे आणि हवेच्या प्रवाहावर त्याचा परिणाम पुष्कळदा सफाईइतकाच होतो. ती एकसंध असावी, आठ फुटांपेक्षा लांब नसावी आणि भिंतीत किंवा छतात लपवलेली नसावी. मोडकी झडप बदलणे, बाहेरचे हूड, म्हणजे तोंडावरचे आवरण, बदलणे हेही याच रांगेत बसते. ड्रायरचे आवरण उघडून आतली लिंट काढणे ही आगीच्या दृष्टीने फार मोलाची सेवा आहे. परंतु त्यासाठी त्या यंत्राचे शिक्षण आणि तशा कामाला लागू होणारा विमा तुमच्याकडे असेल तरच ती पत्रकात घाला. गॅसच्या जोडणीला तर परवाना नसताना हातही लावू नये. ‘चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ ही संस्था ड्रायर एक्झॉस्टच्या तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र देते. तुम्ही ते अजून घेतले नसेल तर अहवाल विकायला लागण्यापूर्वी घ्यावे, असे मी सुचवीन, कारण मोजमापाच्या कागदावर सही करणाऱ्याला लोक शिक्षण विचारतात आणि ते त्यांनी विचारावेच.

आता दराकडे येतो. दीडपट आणि अडीचपट हे गुणक तुम्ही कुठून आणलेत ते पत्रात लिहिलेले नाही. मला शंका आहे की ते कानाला बरे वाटले म्हणून आले. दर निघाला पाहिजे तो तासांतून. वर्षाचा सगळा खर्च एकत्र लिहा: मदतनिसाचे वेतन, तुमचे स्वतःचे वेतन (हे बहुतेक जण विसरतात आणि मग नफ्यालाच पगार समजतात), व्हॅन, इंधन, विमा, ब्रश आणि तो नळीत ढकलणाऱ्या सळ्यांची झीज, फोन, जाहिरात. चलनाचा विचार बाजूला ठेवून हा खर्च २,१०,००० एकक धरू. वर्षात प्रत्यक्ष काम झालेले दिवस २१० धरले तर दिवसाचा खर्च १,००० एकक. तुम्ही दिवसाला नऊ तास राबत असाल, पण प्रवास, फोन, सामान भरणे आणि दारात कुणी नाही म्हणून थांबणे वजा केल्यावर ग्राहकाच्या घरात प्रत्यक्ष काम करण्याचे तास पाचच उरतात. म्हणून १,००० ला पाचने भागायचे. तासाचा खर्च २०० येतो. नऊने भागलेत तर तो १११ दिसेल, आणि त्या भ्रामक आकड्यावर दर बेतणारा माणूस वर्षभर कष्ट करून शेवटी उधारीत का जातो हे त्याला कळत नाही.

यावर नफा लावताना आणखी एक खड्डा आहे. विक्रीच्या दरात २५ टक्के नफा हवा असेल तर २०० मध्ये २५ टक्के मिळवून २५० करू नका. त्यात नफा विक्रीच्या २० टक्केच पडतो. २०० ला ०.७५ ने भागा, म्हणजे तासाचा दर २६७ येईल. पूर्ण सफाईला सव्वा तास लागत असेल तर तिचा दर सुमारे ३३४. मोजमाप, छायाचित्रे आणि अहवाल यांना आणखी पाऊण तास लागला तर ते पॅकेज दोन तासांचे, म्हणजे ५३४, आणि सामान लागेल त्याची किंमत त्यावर वेगळी. म्हणजे हिशेबातूनच सुमारे १.६ पट हा गुणक निघाला. तो तुमच्या दीडपटीच्या जवळपास आहे हे खरे, पण आता त्यामागे काय आहे हे तुम्ही ग्राहकाला सांगू शकता, आणि कुणी घासाघीस केली तर काय काढून दर कमी करायचा हेही तुम्हाला ठाऊक असेल.

व्हेंटचे तोंड छतावर असलेल्या घरांत तुमचे नुकसान होते त्याचे कारण असे की तुम्ही घराची अवघडता आणि सेवेची पातळी एकाच पट्टीत बसवलीत. या दोन पट्ट्या वेगळ्या ठेवा. नळीची लांबी, एल्बोंची संख्या, तोंड भिंतीवर आहे की छतावर, छताचा उतार, पक्ष्यांचे घरटे, ड्रायरवर दुसरे यंत्र रचलेले आहे का, या गोष्टींचा दर कोणतेही पॅकेज घेतले तरी लागू व्हायला हवा. वरच्याच हिशेबाने छतावरचे अडीच तासांचे काम ६६७ चे होते. तुम्ही ते भिंतीवरच्या कामाच्या दरात, म्हणजे निम्म्या किमतीत करत होता. लांब नळीत ब्रश फिरवताना हात घाईने चालला आणि सळ्या फिरवणारे ड्रिल एकदा उलटे फिरले की सळ्यांचे आटे सुटतात आणि ब्रश भिंतीच्या आत राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा एका प्रसंगात तीन घरांची कमाई जाते. ती जोखीम दरात धरणे ही लूट नव्हे.

हे सगळे फोनवरच निम्मे उलगडते. ड्रायर गॅसचा की विजेचा, कोणत्या मजल्यावर, हवा भिंतीतून बाहेर जाते की छतातून, शेवटची सफाई कधी झाली आणि कपड्यांची एक खेप वाळायला किती वेळ लागतो, एवढे विचारा आणि दराची खालची व वरची मर्यादा सांगा. अंतिम दर घरी पाहिल्यावर, पण काम सुरू करण्यापूर्वी, लेखी द्या. नळी उघडल्यानंतर दर वाढवणारा माणूस कितीही खरा असला तरी खोटा वाटतो.

पॅकेजेसची नावेही बदला. सोने-चांदीच्या नावांवरून आत काय आहे ते कळत नाही. ‘पूर्ण सफाई’, ‘सफाई आणि मोजमाप-अहवाल’, ‘वार्षिक देखभाल’ अशी साधी नावे पुरेत. तिसऱ्यात वर्षातून ठरलेल्या भेटी, मागच्या आकड्यांशी तुलना आणि दुरुस्तीच्या श्रमांवर सवलत असू द्या. सगळ्यांना वर्षातून दोन भेटी विकू नका. दोन माणसांच्या घरात एक पुरते, तर लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या, रोज दोन-तीन खेपा वाळवणाऱ्या घराला दोन लागू शकतात. पहिल्या वर्षाच्या मोजणीवरून पुढचे अंतर ठरवा. ‘प्राधान्य’ हा शब्द तर मी काढूनच टाकीन: एका व्हॅनच्या धंद्यात एकाला प्राधान्य देणे म्हणजे दुसऱ्याची दिलेली वेळ मोडणे. त्याऐवजी, सफाईनंतर ९० दिवसांत तक्रार आली तर येऊन पुन्हा मोजू आणि आकडा घसरला असेल तर विनामूल्य साफ करू, अशी हमी द्या. ती मोजता येते, त्यामुळे ती पाळली की नाही यावर वादही होत नाही.

विक्री करताना भीती दाखवण्याचा मोह होईल. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या नोंदींवरून घरांमधल्या ड्रायरच्या आगींचा अंदाज वर्षाला सुमारे २,९०० असा दिला होता आणि सफाई न करणे हे त्यांतले सर्वात आघाडीचे कारण, ३४ टक्के, असे नोंदवले होते. हा आकडा वापरायचा तर वर्षांसकट वापरा, आणि उरलेल्या आगींची कारणे वेगळी होती हेही लपवू नका. खरे तर बहुतेक घरांत आगीपेक्षा वाळायला लागणारा वेळ आणि विजेचा किंवा गॅसचा खर्च हीच रोजची तक्रार असते. तिच्यावर बोला.

स्पर्धकाच्या निम्म्या दराची काळजी तुम्ही करता तितकी मी करणार नाही. त्या दरात तो किती फूट साफ करतो, बाहेरच्या तोंडापर्यंत जातो का आणि छतावरचे काम त्यात धरतो का, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. तुम्ही तुमचे लिहा. त्याच्याशी बरोबरी करायची तर तुम्हाला पुन्हा सिल्व्हरकडे जावे लागेल. कमी दर द्यायचाच असेल तर तो जिथे तुमचा वेळ खरोखर वाचतो तिथे द्या: एकाच इमारतीतली दहा-बारा घरे एका दिवसात मिळाली तर प्रवास आणि मांडामांड एकदाच होते, आणि ती बचत वाटून घेण्यात काही गैर नाही.

नवे पत्रक छापण्यापूर्वी पुढच्या तीस घरांत पोहोचल्याची, काम सुरू झाल्याची आणि निघाल्याची वेळ वहीत लिहा. माझे पाच तास आणि सव्वा तास हे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमचे वेगळे निघतील, आणि दर तुमच्याच आकड्यांवर बांधायचा आहे.

एक काम मात्र तीस घरांसाठी थांबू शकत नाही. ज्या जाळीचे तुम्ही प्लॅटिनममध्ये पैसे घेतलेत ती ड्रायरच्या व्हेंटच्या बाहेरच्या तोंडावर बसवायलाच मनाई आहे. वर सांगितलेल्या नियमावलीत तसे स्पष्ट म्हटले आहे, कारण लिंट जाळीच्या भोकांत अडकते आणि थोड्याच काळात तोंड बंद होते. पक्ष्यांना रोखायचे काम मोकळी हलणारी, आपोआप मिटणारी झडप करते. तुमच्या चार सर्वात महागड्या ग्राहकांच्या घरांवर आज ती जाळी लागलेली आहे. या आठवड्यात चौघांनाही फोन करा, चूक माझी आहे असे सांगा, स्वखर्चाने जाऊन जाळी काढा, तिथे बरी झडप बसवा आणि मोजमापाचा पहिला अहवाल त्यांनाच विनामूल्य करून द्या.